मुंग्यांच्या भीतीनं अडवलेलं दूध

अन्याय झाला तो माझ्यावर आणि माझ्या पोरीवर. केव्हा? बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या रात्री. कुठे? असोद्यात, माझ्याच माहेरी, मागच्या खोलीत. करणारी परकी नव्हती, माझी मोठी काकू होती. आणि तिला अडवायचं सोडून माझी आई खाली मान घालून ओव्याची धुरी फुंकत बसली होती.

त्या दुपारपासून दूध भरायला लागलं होतं. संध्याकाळी शेजारच्या बाया बाळ बघायला आल्या. एकीनं न विचारता सरळ गाऊनमध्ये हात घातला, बाजारात पपई दाबून बघावी तसं दाबलं आणि जाहीर केलं, "उतरलं वं दूध, भरपूर हाये." बाकीच्या हसल्या. तिच्या बोटांना मशेरीचा वास होता. मला किळस आली.

रात्री दोन्ही स्तन दगड झाले. हो, स्तन. आमच्या घरात या अवयवाला नाव नाही. 'अंगावर पाजते' म्हणतात, जणू पाठीवरही पाजता येतं. कातडी ताणून चकाकत होती, ठणका काखेपर्यंत गेला होता. बोंडं इतकी सपाट झाली की पोरीच्या तोंडात काही येईना. ती हुंगायची, तोंड उघडायची, घसरायची, रडायची. उपाय मला माहीत होता. आरोग्य केंद्राची पत्रकं गावोगाव वाटताना तोच तर सांगत फिरले होते: हातानं थोडं दूध काढा, बोंडाभोवतीचा भाग मऊ झाला की बाळ धरतं. बस, एवढंच.

मी वाटी मागितली.

"कशाले?" काकू म्हणाली.

"थोडं दूध काढते."

"आन् टाकशील कुठं?"

आमच्याकडे आईचं काढलेलं दूध मोरीत टाकत नाहीत, जमिनीवर सांडू देत नाहीत. त्याला मुंग्या लागल्या की दूध आटतं म्हणे. ते झाडाच्या बुडाशी नेऊन ओतायचं. आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार दिवे लागले की बंद, कुणी आतबाहेर करायचं नाही, वारं लागतं. म्हणजे दूध बाहेर न्यायचं नाही आणि खोलीत ठेवायचं नाही. मग उरले मी. सकाळपर्यंत ते माझ्यातच साठवायचं!

"टाकणारच नाही. तिलाच चमच्यानं पाजते."

"काढलेलं दूध बाळाले? शिळं असतं ते."

"दोन मिनिटांत शिळं?"

"कागदं वाटून लई शहाणी झाली वं ही! आम्ही पोरं वाढवली ती काय कागद वाचून?"

तिनं जुन्या लुगड्याचं फडकं आणलं आणि मला आवळून बांधलं. जिरून जाईल म्हणाली. मग गुळाच्या पाण्यात बोट बुडवून पोरीच्या तोंडात दिलं. ते बोट धुतलेलं नव्हतं, मी बघितलं होतं. पोर चोखता चोखता झोपली. "पाह्य, झोपली. तूबी झोप." ज्या तोंडानं मला मोकळं करायचं ते गुळानं गप्प केलं. खिडकी बंद, धूर, उकाडा, आणि छातीवर ते आंबूस, चिकट फडकं.

मग थंडी वाजायला लागली. तेव्हा मात्र मी फडकं सोडून फेकलं. "काकू, आता हात लावलास तर ओरडेन. आणि काय दुखतंय त्याचं नाव घेऊन ओरडेन. ओसरीवर सगळे पुरुष झोपलेत."

ती मागे सरकली. मुंग्यांना भीत नसेल इतकी त्या शब्दाला भ्याली. "लाज सोडली वं हिनं," एवढं पुटपुटून कोपऱ्यात जाऊन बसली.

आईनं उठून वाटी आणि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दिलं. पहिला थेंब यायला वेळ लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग धार लागली. पोरीला उठवून लावलं. तिनं धरलं. घटाघट गिळण्याचा आवाज खोलीभर झाला.

तेव्हा आई हळूच म्हणाली, "मलेबी असंच झालं होतं, तुझ्या वेळेस. गाठ पिकली. चिरावी लागली."

मला वाटलं, तिची दया येईल. आली नाही. संताप आला. चिरून घेतलेली बाई तासभर धुरी फुंकत माझ्याकडे बघत बसली होती!

तुमच्या घरात आत्ता बाळंतीण असेल तर वाचणं थांबवा. तिच्या खोलीत जा. दुखतंय का, विचारा. बाळ झोपलेलं असलं तरी उचलून तिच्याजवळ द्या. थंडी-ताप असेल तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. आणि दारात कुणी थोरली आडवी आली, तर तिला बाजूला करा. उठा.