चाचा आणि थ्री नॉट थ्रीचं खानदान

आमच्या घरमालकांइतकं रायफलीवर प्रेम करणारा आणि रायफलीपासून इतका लांब राहिलेला माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. घोटावडे फाट्याजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खाली दुकान, मागे त्यांचं घर आणि वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. सगळा परिसर त्यांना चाचा म्हणतो, म्हणून आम्हीही चाचाच म्हणतो. खिळे, कड्या, पाइप आणि हंगामात विळे-कोयते विकणाऱ्या या गृहस्थांनी तरुणपणी काही काळ होमगार्डची परेड केली. तिथे त्यांच्या हातात थ्री नॉट थ्री रायफल आली, शेवटी पाच गोळ्या झाडायला मिळाल्या, आणि त्या पाच गोळ्यांवर चाचा आजतागायत जगत आहेत. त्यातली एकही निशाण्याला लागली नाही, हेही ते स्वतःच सांगतात, आणि दोष मात्र कधी रायफलीला देत नाहीत.

परभणीहून नोकरीसाठी हिंजवडीला आलो आणि घर शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला जात, गाव, पगार यातलं काहीही विचारलं नाही. वडील काय करतात एवढंच विचारलं. पोलिसात हवालदार होते, म्हटल्यावर त्यांनी मला आत बसवलं, सरबत पाजलं आणि हवालदारसाहेबांच्या हातात कुठली रायफल होती, लाकूड कुठल्या रंगाचं होतं, अशी चौकशी सुरू केली. मला काहीच सांगता येईना. वडिलांनी घरात नोकरीबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. चाचांनी माझ्याकडे फार कीव केल्यासारखं पाहिलं आणि घर मात्र देऊन टाकलं. बायको घाबरली होती. या माणसाकडे बंदूक असणार, असं तिला वाटत होतं. ती भीती चाचींनी पहिल्याच आठवड्यात घालवली. "अगं, बंदूक कुटली? साधी गलोल न्हाई घरात," त्या म्हणाल्या. "कोंबडी कापायची म्हटलं तरी ह्यो माणूस दुकानात जाऊन बसतोय." पुढे आम्हीच पाहिलं की पिंजऱ्यात उंदीर सापडला की चाचा तो स्कूटरवर पायांत ठेवून पार कोळवणच्या रस्त्याला नेऊन सोडून येत. येताना उंदराला भात खाचरात मुबलक मिळेल, याची खात्री करून आल्याचा भाव चेहऱ्यावर असे.

थ्री नॉट थ्री ही त्यांच्या लेखी रायफल नव्हतीच, ते एक खानदान होतं. खानदानाचं आडनाव ली-एनफिल्ड. थोरली लांब नळीची, घोड्यावर बसणाऱ्याला अवघड आणि पायी चालणाऱ्याला जड. मग तिची नळी आखूड करून पायदळ आणि घोडदळ दोघांना एकच रायफल दिली, ती आखूड नळीची, मोठ्या नाकाची. पहिल्या महायुद्धात चिखलात लोळली तरी गोळी आत ढकलणारा बोल्ट अडकला नाही अशी. तिच्या मागून चार नंबर, मागच्या भोकातून पाहून नेम धरायची. मग पाच नंबर, जंगलातल्या लढाईसाठी हलकी केलेली, दिसायला देखणी, पण खांद्याला लाथ मारणारी आणि आज धरलेला नेम उद्या सोडणारी. पाच नंबरचं वर्णन संपलं की चाचा हमखास म्हणत, "आमच्या धाकट्या मेव्हण्यागत." चाचींचा भाऊ त्यामुळे गेली कित्येक वर्षं बहिणीकडे आला की आधी चाचा दुकानात आहेत ना, हे विचारून मगच चप्पल काढतो. आणि सर्वांत शेवटी चाचांची लाडकी, स्वातंत्र्यानंतर आपल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात घडलेली. अंग त्याच घराण्याचं, पण पोलाद जास्त मजबूत आणि गोळी नव्या मापाची. तिच्याबद्दल बोलताना चाचांचा आवाज मुलगी परदेशात शिकून आल्यासारखा होत असे.

हे सगळं त्यांनी जमवलं कुठून, तर रद्दीतून, जुन्या पुस्तकांतून आणि फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या प्रत्येक निवृत्त फौजीला चहा पाजून. आणि वाटलं मात्र गिऱ्हाइकांना. कोळवणच्या एका फार्महाऊसवरचे पुणेकर गृहस्थ एकदा दाराला टॉवर बोल्ट घ्यायला आले होते. बोल्ट हा शब्द त्यांनी उच्चारला, इथेच त्यांचं चुकलं. चाचांनी कडी हातात घेतली आणि दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा, यात रिकामं काडतूस कधी बाहेर पडतं आणि नवं कधी आत जातं, हे समजावायला घेतलं. गृहस्थ सभ्य होते. गाडीत बसलेल्या त्यांच्या बायकोने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी ते निघाले तेव्हा थ्री नॉट थ्रीचा सगळा इतिहास त्यांना कळला होता आणि कडी काउंटरवरच राहिली होती. चाचींना याचा काही राग नव्हता. गिऱ्हाईक परत येतंच, असं त्या म्हणायच्या. विसरलेली वस्तू न्यायला.

माझे वडील अर्धांगवायूने आडवे झाले, ते त्यांच्या साठीनंतर थोड्याच वर्षांत. आई आधीच गेलेली होती. त्यांना परभणीहून इकडे घेऊन आलो तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि वाचा पूर्ण बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, बोलणं परत येऊ शकतं, पण त्यांनी प्रयत्न करायला हवा. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई चित्रांचे पत्ते घेऊन येत. केळं, छत्री, घोडा. त्या फार गोड आवाजात विचारत, "बाबा, हे काय आहे?" आणि आयुष्यभर ज्यांच्या एका नजरेने बाजार शांत झाला असेल ते माझे वडील भिंतीकडे तोंड फिरवून घेत. महिने गेले. बाई यायच्या बंद झाल्या. वडील जेवतानाही डोळे मिटून घेऊ लागले. बायको एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ते आजारी नाहीत आता, ते निघालेत." मलाही तेच दिसत होतं.

दुपारी दुकान बंद असताना चाचा वर येऊन बसू लागले. न विचारता, रोज. कॉटशेजारी खुर्ची ओढायची, "काय हवालदार" म्हणायचं आणि खानदान सुरू करायचं. वडील भिंतीकडे बघत. चाचांना श्रोत्याने आपल्याकडे बघावं अशी कधीच अट नव्हती. मी घरून काम करत असलो की शेजारच्या खोलीत मला ते सगळं ऐकू येई, आणि खरं सांगतो, मी कान बंद करून घेतलेले होते. इतक्या वेळा ऐकलेलं पुन्हा कोण ऐकणार?

एका दुपारी मी मीटिंगमध्ये होतो. आत चाचा सांगत होते की आखूड नळीच्या थ्री नॉट थ्रीत एका वेळी बारा गोळ्या बसायच्या. त्यावर कॉटच्या लोखंडावर काहीतरी आपटलं. मी हेडफोन काढला.

"द," असा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग, "दहा."

मी दारात जाऊन उभा राहिलो. वडील डाव्या हाताने कॉटचा कठडा धरून उठायचा प्रयत्न करत होते. तोंड लाल झालं होतं. चाचा खुर्चीत अगदी निवांत बसले होते. "बारा, हवालदार," ते म्हणाले. "मी बुकात वाचलंय."

"दहा," वडील म्हणाले. या वेळी ते माझे वडील होते. परभणीच्या पोलीस लाइनीत मी लहानपणी ज्याला घाबरायचो, तोच तो आवाज होता, जरासा तुटलेला.

"बरं, दहा. आन् भरायच्या कशा?"

वडिलांनी खूप वेळ घेतला. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. चाचांनी मदत केली नाही, नुसते पुढे वाकून बसून राहिले. "पाच," वडील म्हणाले. "पाच… पाच." पाच-पाच गोळ्यांच्या दोन पट्ट्या, वरून अंगठ्याने दाबून. तो अंगठाही त्यांनी हवेत दाबून दाखवला.

बायको दारात येऊन माझ्या मागे उभी होती. तिने माझा दंड किती घट्ट धरला होता, ते मला रात्री वळ पाहून कळलं.

जिन्यात मी चाचांना गाठलं आणि विचारलं, तुम्ही मुद्दाम चुकलात ना? त्यांना याचं थोडं वाईटच वाटलं. "मग काय मी चुकून चुकीन व्हय?" ते म्हणाले. "लई दिस चुकीचंच सांगतुया. बारा इशापूरवालीत बसत्यात, हे काय मला ठावं न्हाई? तुला काय त्याचं कळलं न्हाई, त्यांना कळलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खोटं बोलाया लई जड गेलं बग, इंजिनेर."

त्यानंतर चाचा रोज एक चूक घेऊन वर येऊ लागले आणि वडील दुपार कधी होते याची वाट पाहू लागले. एका शब्दाचे दोन झाले, दोनांचं वाक्य झालं. लवकरच चुकांची गरज उरली नाही, कारण दोघांत खरंखुरं भांडण लागलं. वडिलांच्या मते लाकडी जड जुनीच खरी रायफल. इशापूरची ती नवी शिकलेली. चाचांना हे सहन होत नसे. ते रागाने जिना उतरून जात, आणि चाची संध्याकाळी वाटीत खीर पाठवून तह करत.

अशाच एका दुपारी चाचांनी विचारलं, हवालदार, कधी चालवली का हो माणसावर? मी तिथेच होतो. मला वाटलं वडील भिंतीकडे वळतील. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि तुटक तुटक सांगितलं. दुष्काळाचं वर्ष. एका गावात टँकरवरून दंगा. साहेबांनी गोळ्या भरायला लावल्या. "समोर बाया," वडील म्हणाले. "घागरी घेऊन. एक तर… तुझ्या आईवाणी." ते थांबले. "म्या मनात ठरवलं. हुकूम आला तरी… वर मारीन. नोकरी गेली तरी." हुकूम आलाच नाही. दुसरा टँकर आला. संध्याकाळी गोळ्या परत काढताना दोन खाली पडल्या. चाचांनी उठून वडिलांचा तो निकामी उजवा हात उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून बसले. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होतो आणि माझे वडील कोण आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

वडील पुढे दोन वर्षं राहिले. बोलत राहिले, भांडत राहिले. मागच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत, झोपेतच गेले. तेराव्यानंतर आम्ही गावाहून परत आलो, आणि दुपारी दुकान बंद झाल्यावर जिन्यात चाचांची पावलं वाजली. ते आपल्या खुर्चीत बसले. बायकोने चहा आणला. मी वाट पाहत होतो, आता आखूड नळी, आता इशापूर. मला त्या दिवशी ते ऐकायचंही होतं. चहा बाजूला ठेवून चाचा म्हणाले, "इंजिनेर, इतकी वर्सं माझ्या घरात राहतुयास. त्या कॉम्प्युटरवर तू नेमकं काय करतुयास, ते मी कवा इचारलंच न्हाई. सांग बरं."

मी सांगायला लागलो. दोन मिनिटांत उरकेल असं वाटलं होतं. पण हे मला घरातल्या कुणीच कधी विचारलं नव्हतं, वडिलांनीसुद्धा, आणि सांगता सांगता मला सांगावंसं वाटायला लागलं. पहिली नोकरी, तिथला साहेब, आवडलेलं काम, फसलेलं काम. चाचांना त्यातलं किती कळत होतं देव जाणे. मी थांबलो की ते खुर्चीत थोडे पुढे सरकत आणि म्हणत, "व्हय. मग पुढं?" खाली दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. कुणीतरी शटर वाजवत होतं. चाचा उठले नाहीत.