सिस्टरांच्या घराचे केसपेपर

सिस्टर घराचेही केसपेपर ठेवत. त्यांची उभी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली होती, आणि लक्षण, निदान, उपचार हा क्रम सोडून काही लिहिता येते हे त्यांना मान्य नव्हते. निवृत्तीनंतर नगरलगतच्या भिंगारमधल्या आपल्या बैठ्या घरात त्या दिवसभर मुले सांभाळत. सत्तरचे दशक नुकते सुरू झाले होते. मी नगरला एका वर्तमानपत्रात होतो, पत्नी शाळेत शिकवत होती. त्यामुळे आमची मीना त्यांच्याकडच्या अकरा मुलांपैकी एक.

घरात जे काही बदलले त्याची नोंद होई. 'लक्षण: रांगणाऱ्यांचे गुडघे सोलवटणे. निदान: वऱ्हांड्याची जमीन उखडलेली. उपचार: शहाबादी फरशी.' किंवा, 'लक्षण: जेवणापूर्वी हात न धुणे. निदान: नळ उंच. उपचार: नळ दीड हातावर आणला.' खोल्यांची दारे त्यांनी सुताराकडून मधोमध कापून घेतली होती, म्हणजे खालची फळी लावली तरी वरून मुले दिसावीत. स्वयंपाकघरातला ओटा गवंड्याकडून छातीइतका चढवून घेतला होता, म्हणजे स्टोव्हपर्यंत मुलांचा हात पोहोचू नये. प्रत्येक कागदाला पावती टाचलेली असे.

मोठ्या माणसांना त्या स्वतंत्र नावे देत नसत. मी 'मीनाचे वडील' होतो. माझे नाव त्यांना ठाऊक असावे असे कधी जाणवले नाही. पत्नीला त्या 'मीनाची आई, उशिरा येणारी' म्हणत. पत्नी दोनदाच उशिरा गेली होती.

भिंगारमध्ये मुले सांभाळणाऱ्या आणखी दोघीजणी होत्या. त्यांचा आणि आयकराचा कधी परिचय झाल्याचे ऐकिवात नाही. सिस्टर मात्र पेन्शन, मागच्या खोलीचे भाडे आणि मुलांची फी यांची बेरीज करून, कुणी बोलावले नसताना, स्वतःहून कचेरीत गेल्या. फी हे उत्पन्न असेल, तर त्या मुलांसाठी घरावर केलेला खर्च त्यातून वजा झाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणणे बरोबर होते. चूक एवढीच झाली, की पुरावा म्हणून त्यांनी सगळे केसपेपर जसेच्या तसे जोडले.

महिन्याभराने उत्तर आले. कुटुंबातील व्यक्तींच्या औषधोपचाराचा खर्च वजा होत नाही. याउपर काही सांगायचे असल्यास सांगावे, चौकशीसाठी इन्स्पेक्टर येतील. ते पत्र त्यांनी माझ्यापुढे धरले.

"मीनाचे वडील, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग लिहा. शिकलेली माणसं, आणि साधा केसपेपर वाचता येत नाही!"

मी अर्ज नव्याने लिहून दिला. त्यांनी तो वाचला आणि 'लक्षणं कुठं गेली?' असे विचारले. समजूत घालायला अर्धा तास लागला.

एवढा खटाटोप कराच्या रकमेसाठी नव्हता. खर्च नामंजूर झाला तर कर भरायला महिना बारा रुपये फी वीस करावी लागणार होती. आम्हाला ते जड गेले नसते. पण मुलांत सोनईहून आलेल्या एका तरुण नर्सचा मुलगा होता. नोकरी लागून तिला वर्षही झाले नव्हते.

"सासू आत्ताच म्हणती," तिने एकदा फाटकापाशी सांगितले, "बारा रुपयं लोकाला देती, त्यापरीस घरी बस. वीस झाले तर मला न्हाई ठिवायचे हितं, सिस्टर. नोकरी सोडून सोनईला जावं लागंल."

"तुझी सासू माझ्याकडं पाठव," सिस्टर म्हणाल्या. पण त्या रात्री जेवल्या नाहीत, असे मागच्या खोलीतल्या भाडेकरूने मला सांगितले.

इन्स्पेक्टर आले ते भर दुपारी, मुले झोपलेली असताना. सिस्टरांनी मला आधीच बोलावून ठेवले होते.

"चपला बाहेर. आवाज हळू. हात धुवा," सिस्टरांनी सांगितले.

आयकर खात्याचा माणूस उकिडवा बसून हात धुताना मी तेव्हाच पाहिला. मग त्यांनी कुजबुजत विचारले, "बाई, पेशंट कोण?"

"पेशंट कुठला? घर!"

ते फरशी, दारे, पावत्या पाहत स्वयंपाकघरात आले आणि ओट्यापाशी थांबले. "हा मात्र तुमचा. स्वयंपाक तुम्हीच करता ना?"

सिस्टर उंचीने जेमतेम पावणेपाच फूट. त्यांनी पाट ओढला, त्यावर चढल्या आणि चहाचे आधण ठेवले. "पूर्वी जमिनीवर उभी राहून करत होते. ही माझी सोय झाली म्हणता?"

इन्स्पेक्टरांनी वहीत काही लिहिले. "आणि तुमची स्वतःची खोली?"

सिस्टरांनी अर्धे दार ढकलले. आत तीन पाळणे होते. घडीची खाट भिंतीला उभी टेकवलेली होती. "सहानंतर पाडते," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच थोडा खाली गेला होता.

निकालाचा कागद इंग्रजीत आला. संध्याकाळी फाटकापाशी आया मुले न्यायला जमलेल्या असताना मी तो मराठीत वाचून दाखवला. फरशी नामंजूर, ते नवे बांधकाम, दुरुस्ती नव्हे. बाकीचा खर्च मंजूर. कारण म्हणून इन्स्पेक्टरांच्या अहवालातले एक वाक्य दिले होते: 'सदर घरात करदात्याच्या स्वतंत्र वापराचा भाग आढळून आला नाही.'

"म्हणजे मी राहते कुठं?" सिस्टर कडाडल्या. "हे असलं लिहितात? दुसरा अर्ज करा."

"सिस्टर, हे तुमच्या बाजूनं आहे."

"बाजूनं असंल, पण खरं आहे का?"

मी कागदाची घडी घातली. सोनईची नर्स मुलाला कडेवर घेऊन पुढे झाली. "आन् फी वो?"

"फी तीच. बारा."

ती मुलाच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

"आता उभी काय राहतेस? अंधार पडतोय. सकाळी सात म्हणजे सात."

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या आजारी पडल्या तेव्हा नगरला ज्या दवाखान्यात होत्या, तिथे वॉर्डाची प्रमुख तीच सोनईची बाई होती. मी भेटायला गेलो, तेव्हा ती दुपारची गोळी घेऊन घाईने आत आली. सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"दहा मिनिटं उशीर," त्या म्हणाल्या.

"व्हय, सिस्टर. चुकलंच," ती म्हणाली, आणि त्यांच्या मानेखाली हात घालून तिने पाण्याचा पेला ओठांना लावला.