गजरमावशी आणि चावीचं घड्याळ

वीज कायमची गेली, मोबाइल मेले, आणि गल्लीला पहाटे उठवायचं काम मावशीकडे आलं. तिला झोप मुळातच कमी, आणि तोंड तर जन्मापासून चालू. दारोदार काठी आपटत ती प्रत्येकाला त्याची ठरलेली शिवी घालायची. शिंपी ‘रेड्या’, पाववाला ‘अजगरा’. बदल्यात पाववाला तिला रोज गरम पाव द्यायचा. तिचं पोट त्यावरच चालायचं.

एकदा पाववाल्याला माळ्यावर चावीचं घड्याळ सापडलं.

“मावशी, उद्यापासून तुम्हाला आराम. गल्लीला मीच उठवीन.”

“आणि माझ्या पावालाही आरामच का रे, मेल्या?”

तो हसत घड्याळाला चावी देऊ लागला. मावशी उद्याच्या पावाच्या काळजीतच झोपली.

पहाटे घड्याळ इमानदारीत कोकललं. पाववाल्याने झोपेतच त्याचं बटण दाबलं आणि कूस बदलली. ऊन डोक्यावर आलं तरी भट्टी थंडच, आणि उशिरा उठलेली भुकेली गल्ली त्याच्या दारात. तो तसाच विस्कटलेला मावशीकडे धावला.

“मावशी, चुकलो. उद्यापासून तुम्हीच या.”

“घड्याळाला सांग की!”

“त्याचं तोंड दाबता येतं हो!”

एवढी तारीफ मावशीची आजवर कुणी केली नव्हती. ती पदर खोचून उठली.

“रोज दोन पाव. आणि आजची राहिलेली शिवी आधी घे.”

ती तिने भर चौकात घातली. गल्लीने टाळ्या वाजवल्या.