माझं ‘बघू’

परळच्या ऑफिसात नऊ जणांचा साहेब झालो तेव्हा मी ठरवलं होतं, कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नाही. म्हणून सगळ्यांना ‘बघू’ म्हणायचो आणि स्वतःला फार समजूतदार समजायचो.

टीममधल्या सगळ्यात जुन्या बाईंनी एकदा विचारलं, "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दोन महिने चारला निघाले तर चालेल का? सकाळी लवकर येईन."

मी म्हणालो, "बघू." खरंच बघणार होतो. पण मीटिंगांमागून मीटिंगा आल्या आणि मी साफ विसरलो. दहा दिवसांनी त्यांचा राजीनामा आला.

संध्याकाळी लालबागला घरी येऊन सोफ्यावर अंग टाकलं आणि बायकोला सगळं सांगून म्हणालो, "अगं, मी नाही म्हटलंच नव्हतं."

"तुमचं ‘बघू’ म्हणजे नाहीच असतं," ती गवार मोडता मोडता म्हणाली. "मुलांनी तर तुम्हाला विचारायचंच सोडलंय. त्या बाईंनी दहा दिवस वाट पाहिली, हेच खूप झालं."

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या टेबलाशी गेलो. "चुकलंच माझं. आजपासून चारला निघा. राजीनामा मागे घ्याल?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मेलवर लिहून द्या, साहेब. मग घेते."

मेल लिहायला दोन मिनिटं लागली. त्या राहिल्या. आता नऊही जण सगळं मेलवरच विचारतात आणि मी त्याच दिवशी उत्तर देतो. पुष्कळदा ते ‘नाही’ असतं. त्यावर कुणी रुसलेलं अजून तरी दिसलं नाही. दमतो मात्र पूर्वीइतकाच.