उपास उचलणारी चांगुणा

जामखेडच्या पुढं डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे. पाऊस तिथं येतो तोही पाहुण्यासारखा, बसतो न बसतो तोच उठून जातो. दसऱ्याच्या सुमाराला ऊन असं तापतं की दगडावर पाय ठेववत नाही. अशा उन्हात नवरात्रातली आमच्या यमाईदेवीची आठवी माळ येते. त्या दिवशी नवस बोललेली माणसं निरंकार उपास धरतात. सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही.

हा उपास सगळ्यांना झेपत नाही. कुणी आजारी असतं, कुणाचं पोर अंगावर पीत असतं. अशांचा उपास दुसऱ्यानं उचलायची आमच्याकडं चाल होती, आणि उचलणारी होती चांगुणा. ज्याला उपास द्यायचा तो आदल्या सांजेला तिच्या दारात येई, ओंजळभर ज्वारी तिच्या पदरात घाली आणि तिच्या मनगटाला तांबडा दोरा बांधी. दोरा बांधला की तहान तिची आणि नवस त्याचा.

चांगुणाला नवऱ्यानं तरुणपणीच टाकली होती. भावानं गावाच्या कडेला एक खोली दिली, आणि पुढं तो स्वतःच बायकापोरं घेऊन सासुरवाडीला शेत कसायला गेला. ती तिथं एकटी राही. शेतात खुरपायला जाई, परत येई, एका माणसापुरती चूल पेटवी. उपासाच्या दिवशी मात्र तिला बरं वाटे. एरवी कुणी तिला जेवलीस का म्हणून विचारत नसे ते बोचे, पण त्या दिवशी न विचारण्याला कारण असे. आणि आदल्या सांजेला तिच्या दारात चपला दिसत. वर्षातून तेवढ्याच.

लढाई चालू होती त्या सालची गोष्ट आहे. भागूबाईचा एकुलता एक लेक पलटणीत गेला होता, आणि पावसाळ्यापासून त्याची खुशाली आली नव्हती. त्याची बायको रतन सात महिन्यांची पोटुशी होती. ती आठवी माळ निरंकार बोलून बसली. भागूबाई आदल्या सांजेची वाट न बघता आठ दिवस आधीच सुनेला घेऊन चांगुणाकडं आली.

"चांगुणाबाई, हिचा उपास तू उचल. पोटुशी बाई ही, मला धड धर म्हनवंना, आन नको बी म्हनवंना. लेकाच्या जिवाची गोष्ट हाय."

"उचलते की. दोरा आनलाय?"

रतन खाली मान घालून उभी होती. ती तशीच बोलली, "आत्या, रागावू नगा. पन धनी माजा, आन तहान तुमची. हे यमाईला कसं चालंल?"

एवढ्या वर्षांत असं चांगुणाला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. तिनं समजावून पाहिलं, दटावून पाहिलं. पोरगी हटेना. तेव्हा तिनं पोरीला जवळ बसवलं आणि आपली विद्या दिली.

"मशेरी आजपासून बंद. ऐन उपासात सोडलीस तर डोकं फुटंल. आदल्या दिशी मिरची न्हाई, खारट न्हाई. ताकातली आंबील खा. पानी दिवसभर घोट घोट पी. सांजंला तांब्या वर केला की झालं असं न्हाई, ते सगळं निघून जातं. माळेच्या दिशी झाडलोट, पानी भरनं असलं काई न्हाई. सावलीला बसायचं, तोंड मिटून, नाकानं श्वास घ्यायचा. डोक्यावर वला पदर ठिवायचा. आन सोडताना लगेच भाकरीवर पडू नगं. पयला घोट तोंडात धरायचा, मग गिळायचा. गुळाचा खडा, मग भाताची पेज."

"व्हय."

"आन ऐक. घाम यायचा थांबला, डोळ्यापुढं काजवे आले, न्हाईतर पोटातलं गप झालं, तर तिथंच सोडायचा. यमाई काय माप घेऊन बसत न्हाई."

"तुमी कदी सोडलाय?"

"माज्या पोटात कोन हाय?" चांगुणा म्हणाली आणि हसली. भागूबाईला ते हसू बघवलं नाही.

आठव्या माळेला चांगुणाच्या मनगटावर तीन दोरे होते. त्यातला एक बायडाबाईचा. बायडाबाईच्या मालकाला दम्यानं धरलं होतं आणि तिला स्वतःला भूक अजिबात निघत नसे. सगळ्या बाया देवळाच्या मंडपात बसल्या होत्या. वारा पडला होता. ऊन खांबाखांबानं आत सरकत होतं.

दुपार कलायला लागली तेव्हा रतन भिंतीला टेकली. ओठ पांढरे पडले होते. कपाळ कोरडं होतं. चांगुणानं तिच्या गालाला हात लावला. तव्यासारखा गाल.

"आत्या," रतन हळूच म्हणाली, "सकाळधरनं हललं न्हाई."

"ऊठ. पानी पी."

"न्हाई."

"रतन, पोर जाईल."

"आन तिकडं त्येंचं काय झालं तर? मी पानी प्यालं म्हनून?"

भागूबाई पदर तोंडात धरून रडत होती. पी म्हणावं तर लेक, नको म्हणावं तर नातवंड. दुसऱ्या बायांनीही माना फिरवल्या.

"भागे, सांग की तिला!" चांगुणा म्हणाली.

"मी काय सांगू गं बाई..."

रतननं डोळे मिटले. "तुमी तिगींची तहान उचलता, आत्या. मला एकाची उचलू द्या. तुमी सोडा, मग मी सोडते."

तिला ठाऊक होतं की चांगुणा सोडणार नाही. सगळ्या मंडपाला ठाऊक होतं.

चांगुणा उठली. मंडपाच्या कडेला वाटसरूंसाठी भरलेला रांजण होता, तिकडं गेली.

"काय गं, हात धुवाया उठलीस व्हय?" बायडाबाई म्हणाली. "का देवीला पानी पाजतीस?" दोघी-चौघी हसल्या.

चांगुणानं गडू बुडवला, वर काढला आणि तिथंच उभ्यानं, सगळ्यांच्या देखत, प्याली. पाणी हनुवटीवरून मनगटाच्या दोऱ्यांवर ओघळलं. हसू थांबलं. तिनं गडू पुन्हा भरला आणि रतनपुढं धरला.

"माजा मोडला. आता पी."

रतन तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं गडू घेतला. पहिला घोट तोंडात धरला, मग गिळला. चांगुणानं तिला कुशीवर निजवली, ओला पदर अंगावर टाकला, गुळाचा खडा दिला. बऱ्याच वेळानं रतननं सासूचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. भागूबाई मोठ्यानं रडली, आणि ते रडणं वेगळं होतं.

त्या गडबडीत बायडाबाई चांगुणापुढं येऊन उभी राहिली.

"आन माजा उपास गं? माज्या मालकाचा दमा?"

चांगुणानं दोरा सोडून तिच्या हातात दिला. "तुजा तू घे. दिवस ऱ्हायलाय अजून."

"आता कसा घेऊ? मी सकाळी दोन भाकरी खाल्ल्यात की!"

कुणी हसलं नाही.

रतनला मुलगी झाली, धडधाकट. तिच्या नवऱ्याची खुशाली पुढं आली, पण फार उशिरा. तोवर थंडीत बायडाबाईचा मालक दम्यानं गेला होता. त्याचा दमा बारा गावांना माहीत होता, तरी लोक बोलले. चांगुणाला तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. पाणवठ्यावर बाया तिला वाट करून देत, जरा जास्तच मोठी. भागूबाई दिसली की हात जोडी आणि झपझप पुढं जाई. सुनेला मात्र तिनं सांगून ठेवलं होतं, लेक घरी येईस्तवर त्या दारात पोर नेऊ नगं.

पुढच्या नवरात्रात सातव्या माळेच्या दिवशी चांगुणानं अंगण सारवलं, दारात पाण्याची घागर भरून ठेवली आणि सांज होईपर्यंत उंबऱ्याशी बसली. वाटेनं माणसं गेली. बायडाबाईची धाकटी जाऊ हातात दोरा घेऊन गेली. तिचा उपास उचलायला शेजारच्या वस्तीवरची कुणी मिळाली होती.

आठव्या माळेच्या सकाळी चांगुणा उठली, आंघोळ केली आणि सूर्याकडं तोंड करून उभी राहिली. निरंकार धरताना ज्याच्यासाठी धरायचा त्याचं नाव घ्यावं लागतं. स्वतःचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, आणि स्वतःसाठी मागायचं काय ते तिला सुचेना. रतनच्या पोरीचं नाव तिच्या जिभेवर आलं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. पण ज्या घरानं दिला नाही त्या घराचा उपास उचलता येत नाही. हा नियम तिनंच गावाला शिकवला होता.

ऊन अंगणात उतरलं. देवळाकडं संबळ वाजू लागला. चांगुणा आत गेली आणि तिनं चूल पेटवली.