आप्पांचं वर्षभराचं कार्ड

लेकीच्या घरी बापाने फार दिवस राहू नये, असं आमचे आप्पा मानतात. का, ते विचारायचं नाही. मी पुण्यात होते तेव्हा ते साताऱ्याहून सकाळच्या एसटीने यायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. जेवायला बसले तरी पिशवी मांडीजवळच. आई गेल्यावर मी त्यांना आयर्लंडला बोलावलं, तर दोन वर्षं त्यांनी नुसती टोलवाटोलवी केली. शेवटी २०१७च्या एप्रिलमध्ये तीन महिन्यांसाठी आले आणि नवव्या दिवशी म्हणाले, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

मी चिडले. डब्लिनजवळच्या नावन गावातल्या आमच्या घरातली मागची ऊन येणारी खोली त्यांना दिली होती. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. त्यातला एक अख्खा प्रेस त्यांची लसणीची चटणी, ज्वारीचं पीठ आणि औषधं यांच्यासाठी रिकामा केला होता. तरी हा माणूस चहा ठेवायच्या आधी मला विचारायचा. स्वतःचं ताट घासून, पुसून, जागेवर ठेवून द्यायचा, जणू जेवलाच नाही. नवरा म्हणाला, "अगं, सवय होईल त्यांना." त्याला काय जातंय म्हणायला! मला आप्पा परत परत यायला हवे होते, आणि ते एकदाच येऊन मोकळं व्हायला बघत होते. कामाशिवाय कुठे जायचा त्यांचा स्वभाव नाही, आणि लेकीकडे राहणं हे काही काम नव्हे.

काम मिळालं ते शेजाऱ्यांमुळे. शेजारचे आजोबा मूळचे उत्तर वेल्सचे. तरुणपणी बोटीवर नोकरीला होते, नावनच्या मुलीशी लग्न करून इथलेच झाले आणि आता एकटेच राहत होते. कुंपणापाशी त्यांनी आप्पांना विचारलं, किल्ले आवडतात का? आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत रविवार आला की कुठल्या तरी गडावर. "एव्हरी संडे, फोर्ट," आप्पांनी छाती फुगवून सांगितलं. शनिवारी सकाळी आजोबा गाडी घेऊन दारात हजर. त्यांचं वेल्श नाव आप्पांच्या जिभेला पेलेना, म्हणून आप्पांनी त्यांना 'वेल्सकर' करून टाकलं.

मीही गेले. ट्रिमच्या किल्ल्याच्या तिकीट खिडकीशी वेल्सकरांनी खिशातून त्यांचं हेरिटेज कार्ड काढलं. एकदा घेतलं की वर्षभर सरकारी देखरेखीतल्या सगळ्या जुन्या वास्तू बघता येतात.

"वर्षभराचं मला काय करायचंय?" आप्पा म्हणाले. "मी जुलैत जाणार."

माझ्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला. आप्पांना काहीही वाया गेलेलं सोसत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, जुन्या धोतराची फडकी, संपलेल्या पेनच्या कांडीने मसाल्याच्या डब्यांची झाकणं उचकटायची. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की सुटं तिकीट घेण्यात अर्थ नाही, आणि कार्डाचा फॉर्म त्यांच्या हातात दिला. पत्त्याच्या जागी त्यांनी मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असं लिहायला घेतलं. ते रकान्यात मावेना. खिडकीतल्या मुलीने फॉर्म आडवा करून उरलेला सातारा समासात लिहिला.

"आप्पा, इथला द्या ना पत्ता."

"तो तुझा पत्ता," ते म्हणाले. "माझा हा."

मला ते लागलं. पण खिडकीशी रांग होती, म्हणून पैसे भरले.

आत गेल्यावर त्यांनी किल्ल्याकडे एकदा नजर टाकली आणि निकाल दिला, "हा गड नव्हे. भुईकोट आहे." गाइड सरदारांच्या मेजवान्यांबद्दल सांगत होती. आप्पांनी मध्येच हात वर केला. "वॉटर फ्रॉम व्हेअर?" ती बिचारी खंदकाकडे बोट दाखवून नदीबद्दल काही सांगू लागली, आणि आप्पा उतार बघायला निघालेसुद्धा. आम्ही दोघं अर्धा तास त्यांच्या मागे ओल्या गवतातून फिरलो.

मग त्यांना घरात बघायला मिळणं मुश्कील झालं. मी डब्लिनमधल्या सँट्रीच्या ऑफिसला निघायचे तेव्हा हे कानटोपी घालून वेल्सकरांच्या गाडीत बसलेले असायचे. न्यूग्रेंजच्या पाच हजार वर्षांच्या थडग्याहून आले ते अक्षरशः हरखून. राजे, सूर्यकिरण, नक्षी, कशाचंच कौतुक नाही. "छताच्या दगडांना वरून पन्हळी कोरल्यात, पाणी बाजूला जायला. अजून गळत नाही! आमच्या खात्याचं विश्रामगृह पहिल्या पावसात गळायचं." हे त्यांनी जावयाला सांगितलं, मला सांगितलं आणि साताऱ्याला फोन करून त्यांच्या जुन्या साहेबांनाही सांगितलं.

वेल्सकर कधी त्यांच्याकडे वेल्श केक करायचे. म्हणजे बेदाणे घातलेल्या जाड, गोड टिकल्या, ओव्हनमध्ये नाही तर जाड लोखंडी तव्यावर भाजलेल्या. आप्पांनी तो तवा उचलून पाहिला, वाजवून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पिठाचा डबा घेऊन गेले. त्या तव्यावर भाकरी टम्म फुगली. तेव्हापासून मंगळवारी टिकल्या आणि शुक्रवारी भाकरी. आप्पा 'दिओल्ख' म्हणजे वेल्शमध्ये 'आभारी आहे' असं म्हणायला शिकले. माझे त्यांनी आयुष्यात कधी आभार मानलेले नाहीत.

एकदा त्यांचं वाजलंही. वेल्सकर म्हणाले की त्यांच्याकडचे सगळ्यात मोठे किल्ले एका इंग्रज राजाने वेल्श लोकांना दाबात ठेवायला बांधले. त्या राजाचं नावसुद्धा ते घेत नसत. इथल्या बोलीत नुसतं 'युअर मॅन' म्हणायचे, कोपऱ्यावरच्या कुणा उनाडाबद्दल बोलावं तसं. आप्पा हबकले. आमच्याकडे गड म्हणजे आपला. पायरीला हात लावून मग चढायचा. शत्रूच्या किल्ल्यावर कौतुकाने जायचं? मला दुभाषी करून त्यांनी विचारलं, "मग तुम्ही तिथे जाता तरी कशाला?"

वेल्सकर हसले. "तो गेला. आम्ही अजून आहोत, आणि तिथे उभं राहून त्याच्याच भिंतीखाली वेल्शमध्ये गप्पा मारतो. हे बघायला."

आप्पा म्हणाले, "बघायला पाहिजे."

आणि गेले! त्यांचा व्हिसा असा होता की त्यावर पलीकडे ब्रिटनमध्येही जाता येत होतं. मी इथे तीन वर्षं नोकरी करत होते, पण मला वेगळा व्हिसा हवा होता. त्यामुळे मी डब्लिनच्या बंदरावर हात हलवत उभी आणि माझा बाप, ज्याने रत्नागिरीलासुद्धा बोटीत पाय ठेवला नव्हता, तो वेल्सला निघालेला. रात्रीसाठी बांधून दिलेली पोळीभाजी त्यांनी अर्ध्या तासात संपवली, असं नंतर कळलं. तिथल्या किल्ल्याच्या खिडकीशी आप्पांनी मोठ्या रुबाबात आयर्लंडचं कार्ड पुढे केलं. ते तिथे चालत नाही, असं तिथल्या बाईने सांगितलं. वेल्सकरांनी तिच्याशी वेल्शमध्ये हुज्जत घातली, आप्पांनी मराठीत पाठिंबा दिला, तरी चाललं नाही. मग तिकीट काढायचं नाही असं दोघांनी बाणेदारपणे ठरवलं आणि बाहेरच्या भिंतीला टेकून चिप्स खाल्ल्या. "युअर मॅनला एक पैसा दिला नाही," आप्पा आल्याआल्या म्हणाले. इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

जुलैत ते गेले. विमानतळावरून घरी आल्यावर मी कोट न काढता त्यांचा प्रेस उघडला. कार्ड रोज तिथे, चटणीच्या बरणीला टेकून असायचं. आता नव्हतं. मी बरणी हलवून पाहिली, पिठाचा डबा हलवून पाहिला. कार्ड ते घेऊन गेले होते. मी तिथेच ओट्याला टेकून रडले, आणि मग त्यांची उरलेली चटणी पोळीला लावून खाल्ली.

पुढच्या एप्रिलमध्ये विमानतळावर बाहेर येताच त्यांनी जावयाला सांगितलं, "कार्ड वाया जात होतं, म्हणून आलो." मी मान डोलावली. पण मनात दिवस मोजत होते. कार्ड संपलं की निमित्त संपलं.

कार्डाच्या शेवटच्या दिवशी तिघं पुन्हा ट्रिमला गेलो. खंदकाचा उतार जागेवर आहे का, ते बघून झालं. परत येताना आप्पा मला म्हणाले, "तू हो पुढे," आणि वेल्सकरांना घेऊन खिडकीकडे वळले. मी पुढे कसली होतेय! पोस्टकार्डांच्या स्टँडमागे उभी राहिले.

"वन इयर," आप्पा म्हणाले. "सीनियर."

खिडकीतल्या मुलीने फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. ते चष्मा शोधत होते, म्हणून तीच म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. पत्ता?

आप्पांनी सांगितला. घराचा नंबर, गल्ली, नावन, काउंटी मीथ. वर एअरकोडही, म्हणजे इथला पिनकोड, जो माझ्या नवऱ्याला अजून पाठ नाही. एकेक अक्षर सुटं, सावकाश, कुठेही न अडखळता. तिने लिहिलं ते सगळं रकान्यात नीट बसलं.

मी पोस्टकार्डं बघत राहिले. एकही दिसत नव्हतं.

"तिथं लपून काय बघतीयस?" आप्पा मागून म्हणाले. "मी साताऱ्याला असताना या कार्डवाल्यांचं काही पत्रबित्र आलं, तर माझ्या प्रेसमध्ये ठेवत जा."