बुरशी लागू नये म्हणून

विक्रोळीच्या खाडीकडच्या हवेत पावाला दोन दिवसांत बुरशी धरायची. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांचीही तीच गत. मी तिथे मदतनीस होते, वाढलेली घाटकोपरच्या कोकणी घरात. लोणचं नासलं तर बाईची अब्रू गेली, असं मानणारं आमचं घर. त्या सवयीने मी दिसेल त्या बाटलीत चिमूटभर अझाइड, म्हणजे बुरशी रोखणारं रसायन, घालायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे.

माझी वरिष्ठ, जिला मी ताई म्हणायचे, कर्करोगावर पीएचडी करत होती. पेशीवरच्या रिसेप्टरला वाढीचा निरोप मिळाला की त्याच्यावर फॉस्फेटची खूण चढते. ती खूण ओळखणारी अँटिबॉडी परदेशातून यायला वर्ष लागलं होतं. तिच्यावर दुसरी अँटिबॉडी लावायची, तिला जोडलेल्या एन्झाइममुळे नमुना उतरवलेल्या पातळ पडद्यावर तपकिरी पट्टा उमटतो. आमच्याकडे तो काही केल्या उमटेना. हमखास यायला हवा त्या नमुन्यातही नाही.

"मीच वाट लावली गं तिची," ताई म्हणायची. परदेशी अँटिबॉडीची कुपी आली त्या दिवशी, आईला डॉक्टरकडे न्यायच्या घाईत ताईकडून ती फ्रीजबाहेर तासभर टेबलावरच राहिली होती.

कुपीत एका प्रयोगापुरती अँटिबॉडी उरली असताना, खोका आवरताना मला दुसऱ्या अँटिबॉडीची माहितीपत्रिका सापडली. अझाइड घालू नये, एन्झाइम बंद पडतं, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. त्या बाटलीतही मी चिमूटभर घातलं होतं. नवी बाटली शेजारच्या लॅबमध्ये मागितली असती तर मिळाली असती. पण मग कारण सांगावं लागलं असतं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी घाबरट होते, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने शेवटच्या प्रयोगासाठी दुसऱ्या अँटिबॉडीची बाटली मागितली. मी तीच दिली.

पडदा कोराच राहिला. फेलोशिपचे चारच महिने उरले होते. ताईने तिच्या मार्गदर्शक सरांना पत्र लिहिलं: अँटिबॉडी माझ्या निष्काळजीपणामुळे खराब झाली, विषय बदलून मिळावा. पाकीट माझ्या हातात देत म्हणाली, "तू टेन्शन घेऊ नकोस. तुझं नाव मी कुठेच येऊ दिलं नाहीये."

मी पत्र सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.